फ्रेडरिका आउसीने परत घेतलेला शब्द

नामिबियात काळ्या टेकडीवरच्या सफारी कॅम्पात संध्याकाळी शेकोटी पेटली की गाइड पाहुण्यांना एका चेटकिणीची गोष्ट सांगतो. म्हातारी, हातात काठी, एका डोळ्याने आंधळी. तिने म्हणे शाप दिला आणि बांधकामावरचे सगळे मजूर घाबरून पळाले. पाहुणे माना डोलावतात, कुणीतरी अंगावर काटा आल्यासारखं करतं, मग आणखी वाइन मागवली जाते. मी त्याच कॅम्पात स्वयंपाक करते. ताडपत्रीमागे मटणाला मीठ चोळता चोळता हे ऐकते आणि दर वेळी वाटतं, तवा उचलून बाहेर जावं.

शाप कुणी दिला नव्हता. पळालंही कुणी नव्हतं. आणि तिचे दोन्ही डोळे शाबूत आहेत, ते तिच्या शेळ्यांवर टपलेल्या कोल्ह्याला जाऊन विचारा.

तिचं नाव फ्रेडरिका गानुसेस. माझी सख्खी मावशी. आमच्यात थोरल्या बहिणीला आउसी म्हणतात, आणि अख्खी वस्ती तिला आउसीच म्हणते. वयाने तिच्याहून मोठे आहेत तेसुद्धा. रागावली की ती आधी गप्प होते आणि चहात साखर घालत सुटते. ढवळते, घालते, पुन्हा ढवळते. चमचा वाजायचा थांबला की समजावं, आता कुणाची तरी धडगत नाही.

तिचा जन्म बियांच्या मैदानातला. कोरड्या नदीच्या वळणावर, डोंगराच्या पायथ्याशी हे मैदान आहे. पाऊस झाला तर तिथे गवत येतं, वाळतं, आणि मुंग्या त्याचं बी वेचून जमिनीखाली साठवतात. त्या कोठारांतून आमच्या बायका बी काढतात. कोठार उघडायचं, आपल्यापुरतं घ्यायचं, मुंग्यांपुरतं ठेवायचं आणि तोंड पुन्हा मातीने बुजवायचं. एकीने एकदा सगळंच ओरबाडलं, तेव्हा आउसीने तिला चारचौघींत विचारलं होतं, "चोरसुद्धा घरात एखादं पातेलं सोडून जातो गं. तू काय सोडलंस?" त्या बियांची लापशी होते, आंबवून बिअर होते, आणि मुलाचं अंगावरचं दूध सुटलं की पहिला घास त्याच लापशीचा.

आउसी लहान असतानाच सरकारने तिथली वस्ती उठवली. माणसं, शेळ्या, भांडी सगळं ट्रकमध्ये कोंबून झऱ्याकाठच्या गावात आणून टाकलं. तिची आई, म्हणजे माझी आजी, मरायच्या आधी हट्टाने मैदानात परत गेली. तिची कबर तिथेच आहे, नुसता दगडांचा ढीग. दर हंगामात आउसी गाढवगाडी जुंपून तिथे जाते. मैदानाच्या कडेला थांबते, तोंडात पाणी घेते, फुर्रकन उडवते आणि पुरलेल्यांना सांगते, कोण आलंय आणि का आलंय. बरोबर नवा माणूस असेल तर पाणी त्याच्या डोक्यावर उडवायचं आणि त्याची ओळख करून द्यायची. न सांगता आत पाऊल टाकायचं नाही. सिंह गाठतो, साप चावतो, वाट चुकते, ते न सांगता गेलेल्यांनाच. हे बोलायचा मान घरातल्या थोरल्याचा, आणि आमच्या घरात थोरली आउसी.

तिच्या पाठचा भाऊ एलियास. माझा मामा. इस्त्रीचा शर्ट, गोड हसू, कुणाला म्हणून नाही म्हणणार नाही. याच गुणावर लोकांनी त्याला कॉन्झर्वन्सीचा अध्यक्ष केलं. कॉन्झर्वन्सी म्हणजे जमीन आणि जनावरं राखायला सगळ्या वस्त्यांनी मिळून काढलेलं मंडळ. आमच्या हद्दीत कॅम्प कुणी टाकायचा, कुठे टाकायचा, ते हे मंडळ ठरवतं.

तर तीन सफारी कंपन्या एकदमच दारात आल्या. लोक लॉज निवडतात ते गादी, जेवण आणि खिडकीतून काय दिसतं ते बघून. आवडलं नाही तर सकाळी निघून जातात. आम्हाला शेजारी निवडायचा होता, जन्मभराचा. म्हणून ठरलं, की तिघांचे आधीचे कॅम्प बघून यायचे. पिकअपच्या मागच्या बाजूला बसून मंडळाची माणसं निघाली. मी पूर्वी लॉजांत काम केलेलं, म्हणून मलाही घेतलं. आउसीला कुणी घेतलं नव्हतं. ती आधीच येऊन बसली होती.

पहिल्या कॅम्पात उघड्यावर अंघोळीचा टब होता. भर वाळवंटात, पांढराशुभ्र, काठोकाठ भरलेला. मॅनेजर कौतुकाने म्हणाला, "इथे अंघोळ करता करता हत्ती दिसतात."

"आणि हत्तींना काय दिसतं?" आउसीने विचारलं.

मामाने खोकला काढला. ती मात्र तंबूंकडे पाठ करून मागच्या बाजूला चालायला लागली. मॅनेजर धावला. "मावशी, तिकडे बघण्यासारखं काही नाही."

"तुमची माणसं झोपतात कुठे?"

"तिकडेच, पण—"

"मग तेच बघायला आलेय मी."

उन्हात तापलेल्या पत्र्याच्या खोल्या होत्या. हात लावला तर चटका बसावा. ती तशीच पिकअपमध्ये जाऊन बसली.

दुसऱ्या कॅम्पात आमचं स्वागत गाण्याने झालं. नोकर मंडळी रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत, कंबर हलवत गात होती. पुढून दुसरी पोरगी आमच्याच गावची, योहान्ना. आउसी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. "काय गं, तू चर्चमध्ये गायलीस की पाद्री तुला गप्प बसवतो. इथे कशी गातेस?"

योहान्नाने हसू तसंच ठेवलं आणि टाळ्या वाजवत वाजवत म्हणाली, "न गाणाऱ्याला घरी पाठवतात, आउसी." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मीही अशीच गात होते, एके काळी, पाय दुखत असताना, आणि पाहुणे म्हणायचे, किती आनंदी लोक आहेत हे!

तिसरा कॅम्प हाइकोचा. हा गोरा, पण आमच्याच भागातल्या शेतावर वाढलेला, आमची भाषा आमच्यासारखी बोलणारा. त्याच्या नोकरांच्या खोल्यांवर वेताचं छप्पर होतं आणि पाहुण्यांच्या ताटातलं मटण मागे नोकरांसाठीही शिजत होतं. आउसी स्वयंपाकघरात उकिडवी बसली, नोकरांबरोबर दोन ताटं जेवली आणि हाताची बोटं चाटत म्हणाली, "हा चालेल." निघताना तिने हाइकोच्या छातीवर बोट टेकवलं. "कॅम्प काळ्या टेकडीवर टाकायचा. खाली मैदानात नाही. तिथे आमचं बी आहे आणि माझी आई आहे. कळलं?"

"कळलं, आउसी," हाइको म्हणाला. मी तिथे उभी होते. माझ्या कानांनी ऐकलंय.

पुढे जे झालं त्याचा मला अजून राग येतो, आणि कुणावर काढावा ते अजून ठरत नाही.

हाइको जागा बघायला आला, तेव्हा मामा त्याला एकटाच टेकडीवर घेऊन गेला. वर वारा, दगड, सावली नावाला नाही. हाइकोने खाली पाहिलं. खाली पिवळं गवत, नदीच्या वळणाला बाभळीसारखी, अना नावाची उंच झाडं, झाडांखाली हत्ती. "एलियास, एकदा खाली जाऊ या ना. नुसतं बघू." नाही म्हणणं मामाला कधी जमलंय? दोघं उतरले. आजीच्या कबरीपाशी पोचले आणि पुढ्यात ताजे ठसे: सिंहीण, आणि मागोमाग पिल्लांची इवली इवली पावलं. झुडपात काहीतरी गुरगुरलं. मामाच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्याने तेच केलं जे आमच्यातल्या कुणीही केलं असतं. परका माणूस, ओळख करून न देता आत आणलेला, आणि समोर सिंहीण. त्याने बाटली उघडली, घोट घेतला, हाइकोच्या डोक्यावर फुर्र केलं आणि बोलायला लागला. पण ओळख करून देताना नुसतं नाव पुरत नाही. का आलाय, तेही सांगावं लागतं. 'बघायला आलाय' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. घाबरलेल्या माणसाच्या मनात असतं तेच तोंडातून निघतं. तो म्हणाला, "हा हाइको. आपलाच पोरगा समजा. इथे घर बांधायला आलाय."

सिंहीण निघून गेली. मामा घरी आला आणि चहा पिता पिता हे सगळं त्याने स्वतःच सांगितलं, वर फुशारकीने. आउसीचा चमचा थांबला.

"आईला काय सांगितलंस?"

"सिंहीण होती, आउसी. पिल्लं होती बरोबर. माणूस मेला असता माझ्या हातून!"

"मी सिंहिणीचं नाही विचारलं. आईला काय सांगितलंस?"

"घर... घर बांधायला आलाय म्हणून."

"माझ्या आईच्या उशाशी?"

"आपल्या आईच्या."

"आता आपल्या! बोलताना आठवली नाही का, थोरली कोण ते? मी मेलेय का?" तिने कप असा आपटला की कान तुटला. "निघ. तो शर्ट घेऊन निघ माझ्या घरातून."

अनाच्या झाडाखाली बैठक भरली. आदल्या दिवसापर्यंत अर्धी वस्ती आउसीच्या बाजूने होती. आता सगळे आपल्या चपलांकडे बघत बसले होते. म्हातारे गॉटहार्ड बोलले, ते एरवी तिच्याशी फार अदबीने वागतात. "फ्रेडरिका, पुरलेल्यांना सांगून झालंय. आता आपण नाही म्हटलं तर त्यांच्यापुढे खोटे ठरू. ते कोण अंगावर घेणार?"

"ज्याने सांगितलं तो घेईल."

"तो सगळ्यांचा अध्यक्ष आहे. तो खोटा ठरला तर सगळेच ठरलो."

आणि हाइको! गप्प राहिला असता तर मी त्याला माफ केलं असतं. तो उभा राहिला, टोपी छातीशी धरली आणि आमच्या भाषेत हळूच म्हणाला, "मी कुठे हट्ट करतोय? मला तर आजीनेच जागा दिली." आजी! माझी आजी, जिला त्याने कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. त्याला आमच्या रीतीभाती बरोबर ठाऊक होत्या. कुठली कुठे वापरायची तेही ठाऊक होतं. गोड बोलून गळा कापणाऱ्या माणसापेक्षा तो टबवाला मॅनेजर परवडला असता, निदान त्याला आमचं काहीच कळत नव्हतं.

हात वर करायची वेळ आली. आउसी म्हणाली, "मला हात उचलायला सांगू नका. उचलला तर तो कुणाच्या तरी कानाखाली बसेल." बाकीचे हात वर गेले. मैदान ठरलं.

लाकडं आली, तंबूंची कापडं आली. कंपनीचं गुळगुळीत छापलेलं पत्रकही आलं. मी आउसीला वाचून दाखवलं: 'नामिबियाचा अखेरचा अस्पर्शित कोपरा, जिथे माणसाचं पाऊल कधी पडलं नाही.' वर मैदानाचा फोटो. फोटोच्या कडेला दगडांचा ढीग स्पष्ट दिसत होता.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

पुन्हा वाचलं.

"माणसाचं नाही? मग माझी आई कोण होती? माकडीण?"

मी तिच्यापुढे साखरेचा डबा सरकवला. तिने तो मागे सारला. असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गाडी जुंपली. मी बरोबर गेले. मैदानात माणसं कामाला लागली होती, सगळी आमचीच. माझा नवरा गिडियनसुद्धा त्यात होता. मामा देखरेखीला उभा होता, हाइको नकाशा धरून. एका कोठारावर लाकडांची चळत टाकलेली होती आणि मुंग्या सैरभैर धावत होत्या. आउसीने ते पाहिलं. मग ती कबरीपाशी गेली, तोंडात पाणी घेतलं आणि उडवलं. हातोडे आपोआप थांबले. कुणी पुरलेल्यांशी बोलत असताना आमच्यात कुणी आवाज करत नाही.

"आई, मी फ्रेडरिका. ओरडून बोलतेय कारण मला राग आलाय. मागे एलियास येऊन तुला काही सांगून गेला. मला न विचारता सांगून गेला. त्याचा शब्द धरू नकोस. त्याने ज्याची ओळख करून दिली, तो माणूस तुझा कुणी नाही. तो शब्द मी परत घेतेय."

असं कधी कुणी केलं नव्हतं. दिलेली ओळख परत घेता येते, हे आमच्यातल्या कुणाला सुचलंही नव्हतं. मग गिडियनने हातोडा जमिनीवर ठेवला. शेजारच्याने करवत ठेवली.

"काय झालं?" हाइकोने विचारलं. "चला, चला, काम करा." त्याला सगळं समजलं होतं, तरी विचारलं. "पगार वाढवून देतो."

"तू माणूस वाईट नाहीस, हाइको," गिडियन म्हणाला. "पण इथे आता तुला कुणी ओळखत नाही. तुझ्या छपराखाली कोण झोपणार? कोण चूल पेटवणार?" तो शांतपणे बोलला, आणि माणसं शांतपणेच चालत निघाली. पळालं कुणी नाही.

हाइको मामाकडे वळला. "एलियास, तू सांग ना पुन्हा! तूच सांगितलं होतंस!"

मामाने बाटली काढली. झाकण उघडलं. आउसी बघत होती, मी बघत होते. त्याने पुन्हा झाकण लावलं. "माझं आता ऐकणार नाहीत ते," तो म्हणाला.

तेव्हा मला कळलं, तिने काय केलंय ते. शब्द हाइकोचा नव्हता, मामाचा होता. ज्याचा शब्द आईपुढे परत घेतला गेला, त्याने आईपुढे पुन्हा तोंड कसं उघडायचं?

कॅम्प काळ्या टेकडीवर गेला. हाइकोची ओळख तिथे नव्याने करून द्यावी लागली, आणि ती आउसीनेच दिली. पाणी डोक्यावर उडवायचं असतं, तिने थेट तोंडावर उडवलं. "हा हाइको. टेकडीवर भाड्याने राहायला आलाय. खाली उतरला तर मला सांगा." पत्रकातली ती ओळ त्याला काढावी लागली. आता तो चेटकिणीची गोष्ट सांगायला लावतो. तेवढा सूड तर कुणीही घेईल.

मामाने अध्यक्षपद सोडलं. शर्टाला इस्त्री करायचं सोडलं. बहीणभाऊ बोलत नव्हते. वाटेत समोरासमोर आले तर दोघंही शेळ्यांवर ओरडायचे.

पावसाच्या मागून गवत वाळलं, बियांचा हंगाम आला. बायका मैदानाला निघाल्या. आउसीची गाडी एवढ्या जणींना पुरेना, म्हणून मामाची मोठी गाडी घेतली आणि ती त्यानेच हाकली. मैदानाच्या कडेला आउसीने पाणी उडवलं, आम्हा सगळ्यांची नावं सांगितली. त्याचं सांगितलं नाही. आम्ही आत गेलो. तो गाडीवरच बसून राहिला.

ऊन चढलं. आम्ही कोठारं उघडत होतो, बी पाखडत होतो. माझं लक्ष सारखं गाडीकडे. आईची कबर समोर दिसतेय आणि म्हातारा माणूस उन्हात बसलाय, खाली पाय ठेवत नाही. शेवटी मी आउसीवर भडकले. तिच्यावर कुणी भडकत नाही, पण मी तिचीच भाची आहे.

"त्याला उन्हात मारणार आहेस का?"

"मी कुठे धरून ठेवलंय? यावं की."

"कसा येईल? त्याचं ऐकू नकोस म्हणून तूच सांगितलंस आजीला! हाइकोला टेकडी मिळाली. मामाला काय मिळालं?"

तिने पाखडायचं सूप खाली ठेवलं. मग उठली, बाटली उचलली आणि गाडीकडे चालायला लागली. मी मागोमाग.

"उतर."

तो उतरला. टोपी काढली. तिने घोट घेतला आणि त्याच्या डोक्यावर उडवला, तोंडावर नाही.

"आई, हा एलियास," ती म्हणाली. "बिनडोक आहे. कुणाला नाही म्हणता येत नाही. पण तुझा आहे. का आलाय विचारशील तर..." ती त्याच्याकडे वळली. "का आलायस रे?"

"आईला भेटायला."

"मग मला काय सांगतोस? तिला सांग. तुझ्या तोंडाने सांग." आणि तिने बाटली त्याच्या हातात दिली.

मामाने घोट घेतला. पण त्याला रडू फुटलं, आणि रडता रडता त्याने ते पाणी गिळून टाकलं.

"मूर्खा, सगळ्यांचं पाणी संपवशील!" आउसी ओरडली. बाटली त्याच्या हातातच होती. तिने खालून हात लावून ती पुन्हा त्याच्या तोंडाशी नेली.